घाटाकडच्या खिडकीतील दिवा

डिसेंबर उजाडला की खानापूर तालुक्याचा दिवस लवकर मिटतो. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत उभी. दुपार कलते न कलते तोच तिची सावली भाताच्या रिकाम्या खाचरांवर उतरू लागते आणि दिवेलागणीच्या आधीच रानातून गारवा निघून वस्तीत येतो. पहाटे मलप्रभेच्या पात्रावर धुके इतके दाट साचते की घाटावर उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचा काठ दिसत नाही. वर्षातील सर्वांत मोठी रात्र डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला येते, आणि तिच्यामागून तीन-चार दिवसांतच ख्रिस्तजयंती येते. शहरात विजेच्या लखलखाटात राहणाऱ्या माणसाला या दोन गोष्टींची सांगड सहसा सुचत नाही. खानापूरच्या रानात संध्याकाळी एकदा एकट्याने चालून पाहावे, म्हणजे नाताळला दिवा का लावतात हे कोणी सांगावे लागत नाही.

वाचकहो, हा तालुका दोन पाण्यांचा आहे. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे वळते, खानापूर गावाला वळसा घालते आणि मैलोन्‌मैल चालून कृष्णेला मिळते. तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. याच तालुक्याच्या रानातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेचा रस्ता धरते, घाट उतरून गोव्यात शिरते, तेथे मांडवी हे नाव घेते आणि जुन्या गोव्याच्या काठाने, जेथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर ठेवले आहे त्या भूमीला स्पर्श करून, अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्याची दोन लेकरे अशी दोन दिशांना गेली आहेत.

येथील माणसांचेही तसेच आहे. गोव्यातून कोणी छळाला कंटाळून, कोणी दुष्काळाने, कोणी पोटासाठी, निरनिराळ्या काळी घाट चढून वर आले. १८८० नंतरच्या दशकात लोहमार्ग बांधला गेला तेव्हा लोंढा व कॅसलरॉक ही ठाणी उभी राहिली आणि रेल्वेच्या चाकरीत अनेक ख्रिस्ती कुटुंबे तेथील वसाहतींत स्थिरावली. कोणी नंदगड, खानापूर या बाजूंना वस्ती केली. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण केला व मायकल रॉड्रिग्स हे त्याचे पहिले बिशप झाले. या धर्मप्रांतात आजही मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषांतून प्रार्थना होते. सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या जिभेवर एकच भाषा नांदत नाही. त्याचे अंतःकरणही एकाच गावात नांदत नाही. अर्धे येथे असते, अर्धे घाटाखाली.

या प्रदेशात मी जन्मभर ये-जा केली आहे. परंतु आज जे सांगावयाचे आहे ते २०२१ सालच्या आगमनकाळातील एका प्रवासाविषयी आहे.

त्या वर्षीच्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा थोरला भाऊ गेला. त्याच्या दफनाला आम्ही घरची मोजकी माणसे होतो. नातलगांना येता आले नाही, शेजाऱ्यांनी दारातूनच हात जोडले. आमच्या बेळगावच्या घरी नाताळचा तारा दर वर्षी तोच करीत असे. कळकाच्या काड्या सोलणे, त्या सुतळीने बांधणे, कणकेची खळ शिजवणे, पतंगी कागद ताणून चिकटवणे, ही सारी त्याची कामे. आम्ही बाकीचे केवळ हाताशी उभे. डिसेंबर लागला, तरी त्याच्या दोन मुलांनी ताऱ्याचे नाव काढले नाही. एके दिवशी धाकट्याने भीत भीत विचारले, तेव्हा आई म्हणाली, "यंदा नको. सुतकाच्या घरी कसला नाताळ?" पोरगे गप्प बसले. मीही गप्प बसलो. आईचे म्हणणे मला खरे वाटत होते, आणि तरीही त्या मुलाच्या तोंडाकडे पाहवत नव्हते.

त्याच आठवड्यात लोंढ्याहून मावशीचा निरोप आला. ही माझ्या आईची मावसबहीण. पण आम्हा सर्व मुलांची ती मावशीच. तिचे वय त्या वेळी ७८ होते. भावाच्या अंत्यविधीला तिला येता आले नव्हते आणि ते तिच्या मनाला लागून राहिले होते. "एकदा येऊन जा," एवढाच तिचा निरोप होता. मी गाडीत बसलो.

बेळगावहून लोंढ्यापर्यंतचा लोहमार्ग सुमारे ५० किलोमीटरांचा. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही त्यावरील स्थानके. देसूर सुटेपर्यंत माळ व उसाचे मळे दिसतात. इदलहोंडनंतर भाताची खाचरे वाढत जातात. मळणी आटोपलेली, काडाच्या गंजी उभ्या, आणि खाचरांच्या बांधांवर बगळे. खानापूरपाशी तांबडी माती डोळ्यांत भरते. याच मातीची भांडी व कौले पंचक्रोशीत नावाजलेली. येथील कुंभाराच्या हातचा माठ बेळगावच्या बाजारात मागून घेतला जातो. मलप्रभा ओलांडली की रान जवळ येते. गुंजीनंतर दोन्ही बाजूंनी झाडी दाटते, उजेड हिरवा होतो, मग करडा होतो, आणि लोंढा येईस्तोवर संध्याकाळ झालेली असते.

त्या संध्याकाळी स्थानकाबाहेर आलो तेव्हा वीज गेलेली होती. रस्ता ओळखीचा असूनही पाय अडखळत होते. अंधारात घरांचे आकार सारखेच दिसतात. वळणावर मात्र एका खिडकीत उजेड दिसला. विजेचा नव्हे, कंदिलाचा. पिवळा, स्थिर. मी त्या रोखाने चाललो, आणि दाराशी पोहोचलो तेव्हा कळले की ती मावशीचीच खिडकी.

दिवा पुढच्या दाराशी ठेवलेला नव्हता. रस्ता पूर्वेला, आणि दिव्याची खिडकी पश्चिमेला, रुळांच्या अंगाला. मी वळणावरून आलो म्हणूनच तो मला दिसला. आत गेल्यावर मी हसून म्हटले, "मावशी, पाहुणा पुढून येतो आणि तुझा दिवा मागे."

ती म्हणाली, "तो दिवा घाटाकडचा आहे. त्याची जागा ठरलेली आहे."

मग तिने मला जेवू घातले, भावाविषयी सारे विचारले, मध्येच डोळे पुसले. रात्री चुलीपाशी बसून तिने त्या दिव्याची हकिकत सांगितली. तिच्या बोलण्यात कोठेही सूर चढला नाही. ती जणू दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट सांगत होती.

तिचे वडील लोंढ्याच्या स्थानकावर बत्तीवाले होते. त्या काळी सिग्नलांत घासलेटचे दिवे असत. रोज सांजवेळी दिवे पुसून, वाती कापून, तेल भरून ते खांबावर चढवावे लागत. तिची आजी, म्हणजे वडिलांची आई, घाटाखाली कुळ्यात राहत असे. कुळे गोव्यात. कॅसलरॉकहून बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत, दूधसागराच्या तुषारांतून गाडी खाली उतरली की कुळे. दर नाताळला वडील सर्वांना घेऊन आजीकडे जात, किंवा आजी नेवऱ्यांचा डबा घेऊन वर येत असे.

मग १९५५ साल आले. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. देशभर संताप उसळला. भारत सरकारने पोर्तुगालशी असलेले उरलेसुरले संबंध तोडले, गोव्याची नाकेबंदी झाली आणि कॅसलरॉकच्या पुढे गाडी जाईनाशी झाली. स्वातंत्र्याचा पक्ष न्यायाचा होता, याविषयी मावशीच्या वडिलांच्या मनात शंका नव्हती. परंतु न्याय्य लढ्याच्या काळातही सामान्य माणसाच्या घरी एक वेगळी रात्र उतरत असते. परवाने, चौक्या, पायपीट यांतून धडधाकट माणूस एखाद वेळ वाट काढील. म्हाताऱ्या माणसाने, लेकुरवाळ्या बाईने काय करावे? घाटाच्या या अंगाला मुलगा आणि त्या अंगाला आई, मध्ये पाचपन्नास किलोमीटरांची झाडी, आणि नाताळ जवळ आलेला.

"त्या पहिल्या वर्षी," मावशी म्हणाली, "आईने काही करायचे नाही असे ठरवले. गोठा नको, तारा नको. सासू एकटी खाली उपाशी बसलेली असेल आणि आपण येथे रोषणाई करायची? मी बारा वर्षांची होते. खूप रडले. बाबा कामावरून आले. हातपाय धुतले. ते बोलायचे कमी. त्यांनी आपला जुना कंदील घेतला, पुसला आणि या खिडकीत ठेवला. आईला म्हणाले, 'गोव्याकडची गाडी बंद झाली, तरी त्या बाजूच्या सिग्नलावर मी रोज चढतो आहे. गाडी येवो न येवो, दिवा लावायचा असतो. ती चैन नव्हे, ते काम आहे.'"

त्या नाताळला त्यांच्या घरी गोडधोड झाले नाही. नेवऱ्या नाहीत, दोदोल नाही. वाजवणे-गाणे नाही. फक्त खिडकीत कंदील, कळकाचा एक लहानसा तारा, आणि ताटलीत उगवलेल्या नाचणीच्या हिरवळीवर ठेवलेला बाळ येशू. मध्यरात्रीच्या लॅटिन मिस्सेहून परत येताना अंधारात तिला दुरून ती खिडकी दिसली आणि आपले घर कोठे आहे ते कळले.

असे सहा नाताळ गेले. दर वर्षी कंदील त्याच खिडकीत. तो कुळ्यापर्यंत दिसणार नाही, हे घरातल्या लहानग्यालाही माहीत होते. मध्ये सारा सह्याद्री. १९५९ च्या पावसाळ्यात आजी वारली. ती वार्ता वर पोहोचायला कित्येक आठवडे लागले. मातीला मुलगा नव्हता. त्या वर्षीही डिसेंबरात कंदील लागला.

१९६१ च्या डिसेंबरात मात्र लोंढ्याच्या बाजूची रात्र निराळीच होती. सैन्याचा तळ बेळगावला पडला होता. एक ब्रिगेड अनमोडच्या बाजूने घाट उतरली. १९ डिसेंबर रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली आणि सहाच दिवसांनी नाताळ आला. साऱ्या वसाहतीत आनंद होता. वाट मोकळी झाली होती. मावशीचे वडील पुढे कुळ्याला गेले ते आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावण्यासाठी.

येथे मावशी थांबली. मी विचारले, "मग त्या दिव्याचा उपयोग काय झाला?"

प्रश्न थोडा कठोर होता. परंतु माझ्या मनात तो माझ्या घरचा होता.

ती म्हणाली, "उपयोग? आजी आली नाही. दिव्याने ती यावी असे आम्ही म्हटलेच नव्हते. पण सहा वर्षांत आम्ही तिला विसरलो नाही आणि देवावर रुसलो नाही. एवढे झाले."

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. मावशीच्या बोलण्याचा धागा धरून मन धर्मग्रंथाकडे वळले. मध्यरात्रीच्या मिस्सेत आज आपण जे पहिले वाचन ऐकतो ते यशया प्रवाद्याच्या नवव्या अध्यायातील. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा उजेड दिसल्याचे ते वर्तमान आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु हे लोक कोण, याचा विचार आपण क्वचित करतो. प्रवादी त्यांचे नाव-गाव सांगतो. जबुलून आणि नफताली यांचा प्रांत, म्हणजे गालील. तो इस्राएलचा उत्तरेकडचा सीमाप्रदेश होता. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात अश्शूरच्या सैन्याने चाल केली तेव्हा प्रथम तोच तुडवला गेला. तेथलीच माणसे बंदिवान होऊन दूर नेली गेली, तेथल्याच घरांत निम्मी माणसे इकडे व निम्मी तिकडे अशी फाटाफूट झाली. राजधानीतील श्रीमंतांना सोडून प्रवादी त्या सीमेवरच्या लोकांना सांगतो की उजेड प्रथम तुमच्याकडे येईल. पुढे प्रभू येशू त्याच प्रांतातील नासरेथात वाढला आणि त्याच प्रांतातील कफर्णहूमात राहून त्याने शुभवर्तमानाची घोषणा आरंभिली. संत मत्तयाने यशयाच्या त्या शब्दांची आठवण मुद्दाम करून दिली आहे.

सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात केवढा दिलासा आहे! पहिल्या नाताळची रात्र तरी कशी होती? सम्राटाच्या हुकमाने शिरगणतीसाठी निघालेले एक जोडपे. बाई दिवसांत. धर्मशाळेत जागा नाही. बाळ जन्मते न जन्मते तोच राजाचे शिपाई मागे लागतात, आणि तान्ह्या लेकराला घेऊन सरहद्द ओलांडून मिसर देशात आसरा घ्यावा लागतो. जागे होते ते फक्त रानात कळपाची राखण करणारे मेंढपाळ. ज्यांच्या घरी रात्र नव्हती अशांसाठी तो दिवा लागलाच नव्हता.

गोठ्याच्या परंपरेचा आरंभही असाच आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगरातील खेड्यात असिसीच्या संत फ्रान्सिसने पहिल्यांदा गव्हाण मांडली. खरा बैल, खरे गाढव, खरे गवत. त्या रात्री आजूबाजूच्या वाड्यांतील गरीब माणसे हातात मेणबत्त्या व मशाली घेऊन डोंगर चढून आली असे त्याचा चरित्रकार लिहितो. रोषणाई कोणी बाहेरून आणली नव्हती. ज्याने त्याने आपल्या घरचा दिवा आणला, तेव्हा ती जागा उजळली. मराठी भाषेतही ख्रिस्तजन्माची कथा कालपरवाची नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. चारशे वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट आपल्या भाषेत, ओवीच्या चालीत, सांगितली जात आहे. त्या चारशे वर्षांत या प्रदेशाने काय पाहिले नाही! लढाया, दुष्काळ, स्थलांतरे. १८९६ नंतरच्या प्लेगात तर दख्खनची गावेच्या गावे उठली, माणसे माळावर झोपड्या बांधून राहिली. झोपडीत नाताळ करणाऱ्यांना गव्हाणीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल.

आपल्या आठवणीतीलही उदाहरणे आहेत. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा मुंबईत दिवेबंदी होती. काचांना काळे कागद लावून माणसे घरात बसत. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि पुढच्याच आठवड्यात नाताळ आला. २०२० साली महाराष्ट्रातील महानगरांत रात्री ११ नंतर संचारबंदी होती, म्हणून मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच करावी लागली. कर्नाटकात तशीच संचारबंदी २३ डिसेंबरला जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतली गेली. कित्येक म्हाताऱ्या माणसांनी त्या वर्षी मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा ऐकली. वेळ बदलली, जागा बदलली, परंतु दिवा कोणी रद्द केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला कामाला लावले. परसातून कळकाचा तुकडा आणला, कोयता दिला आणि म्हणाली, "काड्या काढ." मी म्हटले, मला येत नाही, भाऊ करीत असे. ती म्हणाली, "म्हणूनच तू शिकायचे."

दोन त्रिकोण बांधावयाचे, एक सुलटा व एक उलटा, आणि मध्ये आडव्या काड्या देऊन पोट फुगवायचे. काडी ओली असेल तर वाळल्यावर गाठ सैल होते, म्हणून आधी उन्हात धरायची. कागद लावताना तो ओढायचा नाही, पाण्याचा हात फिरवायचा. वाळला की आपोआप ताणला जातो. भावाला हे करताना मी तीस वर्षे पाहिले होते, पण हातांना ते ठाऊक नव्हते. पहिल्या दोन काड्या मोडल्या. तिसऱ्या वेळी जमले.

काम चालू असता मी तिला आईचे म्हणणे सांगितले. सुतकाच्या घरी नाताळ नाही. मावशीने मान हलवली. "तुझी आई बरोबर म्हणते. यंदा तुमच्या घरी कढई चढू नये. ताट शेजाऱ्यांनी आणायचे. तीच रीत आहे. बाजा नको, नवे कपडे नकोत. पण मला सांग, दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी तुम्ही त्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावलीत ना?"

"लावली."

"मग थडग्यावर लावायची आणि घरावर लावायची नाही, असे का? आग एकच आहे. गोड हे आनंदाचे असते. दिवा आनंदाचा नसतो. दिवा अंधाराचा असतो."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

निघताना तिने तारा जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला. त्याच्यासोबत एक मातीचा मेंढपाळ दिला. खानापूरच्या तांबड्या मातीचा, तिच्या गोठ्यातला, एका हाताने अधू. "हा आमच्याकडे पहिल्या वर्षापासून आहे," ती म्हणाली. "हात माझ्याच धाकट्या भावाने मोडला. मुलांना दे. सांग, हा पण आला होता." दाराशी शेजारची बाई पितळी ताट घेऊन उभी होती. दिवाळीत तिच्याकडून फराळ आला होता आणि आता मावशीच्या नेवऱ्या तिच्याकडे जायच्या होत्या. मावशीने ताट भरले, वर फडके घातले, आणि त्या दोघी कानडीत काहीतरी बोलून हसल्या.

गाडीत तारा मांडीवर घेऊन बसलो. गुंजी गेले, मलप्रभेचा पूल गेला. पलीकडच्या बाकावर एक शेतकरी आपल्या नातवाला घेऊन बसला होता. पोराने विचारले, "आज्जा, हे काय?" म्हाताऱ्याने सांगितले, "येशूचा आकाशकंदील." मला ते नाव आवडले.

घरी आलो तेव्हा आई जपमाळ करीत होती. मी गुंडाळी टेबलावर ठेवली, मावशीचे बोलणे जसेच्या तसे सांगितले आणि अधिक काही बोललो नाही. आईही बोलली नाही. दोन दिवस तारा लुगड्यातच राहिला. धाकटा पुतण्या येता-जाता त्याला बोटाने शिवून पाही. मेंढपाळ मात्र त्याने पहिल्याच रात्री उशाशी घेतला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने स्वतः लुगडे सोडले. ताऱ्याची एक गाठ सैल झाली होती. तिने ती बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "याच्यासारखी नाही झाली." मग थोड्या वेळाने, "पण टिकेल." तिने मुलांना हाक मारली. थोरल्याने खुर्ची आणली, धाकट्याने दिवा आत सोडला. तारा कोठे लावायचा, असे मी विचारले. दर वर्षी तो अंगणात लागत असे, आमच्या आम्हाला दिसेल असा.

आई म्हणाली, "रस्त्याकडे लाव. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. आणखी किती घरी यंदा अंधार आहे, कोणास ठाऊक."

त्या वर्षी आमच्या घरी कढई चढली नाही. शेजारून तीन ताटे आली. एकात कुंदाही होता. चोवीस तारखेच्या रात्री मिस्सेहून परत येताना गल्लीच्या तोंडाशीच तारा दिसला. थोडा वाकडा, एका बाजूने फिकट. मुले पुढे धावली. आई सावकाश चालत होती. तिने एकदा वर पाहिले, कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण केली आणि पायरी चढली. ती रडली नाही असे मी म्हणणार नाही. परंतु ती उजेडात रडली, आणि तिच्या अंगाला अंग लावून नातू उभे होते.

वाचकहो, नाताळच्या रोषणाईवर पैसा उधळू नये असा उपदेश आपले धर्मगुरू दर वर्षी करतात, आणि तो योग्यच आहे. त्या उपदेशाला एक पुस्ती जोडावीशी वाटते. खर्च कमी करा, परंतु दिवा विझवू नका. ज्या घरी यंदा माणूस गेले असेल, पीक बुडाले असेल, मुलगा परदेशी अडकला असेल, भावाभावांचे बोलणे तुटले असेल, त्या घरी गोड नसले तरी चालेल. एक पणती, एक कागदी तारा, खिडकीत एक कंदील, एवढे असावे. आपल्या घरी आनंद असेल, तर तारा अंगणातून उचलून रस्त्याकडे लावावा आणि ज्या दारावर तो नाही तेथे एक ताट पोहोचवावे.

मावशी अद्याप लोंढ्यास आहे. तिच्या घरी आता वीज सहसा जात नाही. तरीही डिसेंबरात तिन्हीसांजा झाल्या की ती वडिलांचा कंदील पुसते, वात कापते, तेल पाहते आणि घाटाकडच्या खिडकीत ठेवते. खालून आता कोणी यायचे राहिलेले नाही. रुळांवरून गोव्याच्या गाड्या जातात-येतात, आणि त्यांतील एखादा उतारू बाहेर पाहत असलाच, तर रानाच्या काळोखात त्याला क्षणभर एक पिवळा ठिपका दिसत असेल. कोणाचा, कशासाठी, हे त्याला कळणार नाही. येथे कोणीतरी जागे आहे, एवढे मात्र त्याला खचित कळेल.